मांडीवरचा डबा

माई, मागच्या महिन्यात आम्ही घर हलवलं. ऑकलंडमधल्या बॉटनी डाउन्समधून खाली अप्पर हटला आलो, मोटारीने नऊ तासांवर. तुला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. तुझी लेक या देशात येऊन राहिली आहे हेच तुला ठाऊक नाही, तिथे ही गावं कुठली ठाऊक असणार. पण घर हलवणं तुला ठाऊक आहे. अण्णांच्या पाटबंधारे खात्यातल्या बदल्यांपायी तू नऊ वेळा संसार गोणपाटात घातलास आणि नऊ वेळा बाहेर काढलास, आणि एका चमच्याचीही कधी चुकामूक झाली नाही असं तू सांगायचीस. म्हणून हे तुलाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगून त्यातलं सगळं कळायचं नाही, आणि खरं म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखंही नाही.

आधी माझं सांगते. हे गेल्यावर मुलाने मला इकडे बोलावून घेतलं, त्याला सात वर्षं झाली. मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. सून फार्मासिस्ट आहे, डॉक्टरांची चिठ्ठी बघून औषधं देते. आठ वर्षांची नात आहे, तिला माझं सगळं मराठी कळतं आणि ती मला सगळी उत्तरं इंग्रजीत देते. मुलाला वेलिंग्टनला नोकरी मिळाली, म्हणून अप्पर हटला घर घेतलं. इथून तो सकाळच्या ट्रेनने जातो. घर लाकडी आहे, डोंगर अगदी अंगावर आल्यासारखे, आणि थंडी अशी की तूप कायम थिजलेलंच. पण स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे आणि देव्हाऱ्याला कोपरा आहे. मला आणखी काय हवं.

सामान हलवणारी कंपनी सुनेने शोधली. "आई, हे लोक एकदम इको-फ्रेंडली आहेत," ती म्हणाली. म्हणजे काय ते मी विचारलं. तर ते पुठ्ठ्याची खोकी आणत नाहीत, चिकटपट्टी लावत नाहीत, प्लास्टिक गुंडाळत नाहीत. झाकणाचे जाड क्रेट आणतात. त्यात आपण भरायचं, नव्या घरी रिकामे करून द्यायचे, तेच मग पुढच्या घरी जातात. कपाटांना आणि फ्रिजला जुन्या ब्लँकेटी बांधतात. ट्रक अर्धा रिकामा धावू नये म्हणून वाटेतल्या आणखी एका बिऱ्हाडाचं सामान त्यातच घेतात. आमच्याबरोबर पामर्स्टन नॉर्थच्या कुणा आजोबांचा पियानो होता. आणि आपल्याला जे न्यायचं नाही ते कचऱ्यात न टाकता ज्याला लागेल त्याच्याकडे पोचवतात. सून हे मोठ्या कौतुकाने वाचून दाखवत होती आणि मला हसू येत होतं. तू पितळी डब्यांत डाळी भरायचीस आणि डाळीत कपबशा खुपसायचीस. कंदिलाच्या काचा तुझ्या जुन्या लुगड्यांच्या पोटात. पातेल्यात पातेलं, त्यात तवा, तव्याखाली माझी शाळेची पुस्तकं. तीच गोणपाटं फलटणहून कराडला, कराडहून इस्लामपूरला. भांड्यांत घातलेला पेंढासुद्धा तू टाकला नाहीस, नव्या शेजाऱ्याच्या म्हशीला घातलास आणि त्याच दिवशी तिच्या दुधाचा रतीब ठरवलास. हे सगळं मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "आई, माईआजी इथे असत्या ना, तर या लोकांनी त्यांना मॅनेजर केलं असतं." मी म्हटलं, "मॅनेजर कशाला, मालकीण झाली असती."

न्यायच्या वस्तूला हिरवी चिठ्ठी आणि द्यायच्या वस्तूला पिवळी, असा त्या लोकांचा नेम. चिकट चिठ्ठ्यांचं बंडल आधीच देऊन गेले होते. स्वयंपाकघराचं माझ्याकडे होतं. तू मला मॅट्रिकपर्यंत शिकवलंस आणि घरखर्चाची वही ठेवायला शिकवलंस. ती वही अजून चालू आहे, तिच्यातच मी कुठल्या क्रेटमध्ये काय आहे ते उतरवून काढलं. उघडलेलं धान्य ते लांबच्या प्रवासाला घेत नाहीत, मुंग्या लागतात म्हणून. पण ईस्ट टामाकीच्या बाजूला एका चर्चच्या हॉलमध्ये काही बायका दर मंगळवारी दुपारी रांधतात आणि येईल त्याला वाढतात, त्या उघडलेलं धान्यही घेतात, असं ड्रायव्हरने सांगितलं. अन्न कुणाच्या तरी पोटात जातंय म्हटल्यावर मला बरं वाटलं. डाळी, पिठं, साखर, सगळ्यावर मी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. उरलेल्या सुनेने शुक्रवारी सकाळी, ट्रक भरायच्या आधी लावल्या.

देव मात्र तुझ्या रीतीने. निघायच्या आदल्या दिवशी पूजा झाली की तू देवांना सांगायचीस, "आता थोडे दिवस तांदळात बसा," आणि डब्यातल्या तांदळात एकेकाला अलगद पुरून, वर मूठभर तांदूळ घालून झाकण लावायचीस. मग डबा मांडीवर. नवं घर येईपर्यंत तो खाली टेकवायचा नाही. तिथे पोचलं की देव बाहेर काढायचे, दूध उतू घालायचं, आणि ज्या तांदळात बसून देव आले त्याच तांदळाचा गोडाचा भात घरातल्या सगळ्यांनी खायचा. माझ्या लग्नात तू मला अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण दिलास. ते दोघे आणि सासरचा खंडोबाचा टाक, एवढाच माझा देव्हारा. विमानातून येताना तांदूळ चालणार नाहीत म्हणून त्यांना रुमालात गुंडाळून आणलं होतं, पण मांडीवरच. या वेळी रीतसर तांदळात बसवलं. आमच्याकडे तांदळाचे डबे दोन, एकाच मापाचे, स्टीलचे, वर कडी असलेले. एकात देव, दुसऱ्यात हॉलमधल्या बायकांना द्यायचे तांदूळ. दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी.

आणि निघताना मला साताऱ्याचा स्टँड आठवला. आठवणारच होता. घर हलवायचं म्हटलं की मला तो आठवतोच. मी नऊ वर्षांची आहे. सामान पुढे ट्रकने गेलेलं आहे आणि आपण एस. टी. ने फलटणहून कराडला निघालोय. साताऱ्याला गाडी बदलायची. तुझ्याजवळ वळकटी, फिरकीचा तांब्या आणि कडेवर धाकटा. अण्णा तिकिटाच्या रांगेत. देवांचा डबा माझ्या मांडीवर, पितळेचा, जड, आणि बाकडं उन्हाने तापलेलं. गाडी लागते, माणसं धावतात, आपणही धावतो. गाडी स्टँडच्या बाहेर वळली तेव्हा तू माझ्या मांडीकडे बघितलंस. मग कंडक्टरची घंटा, अण्णांचं धोतर सावरत मागे पळणं. डबा बाकड्याखालीच राहिला होता. तिथल्या केळीवालीने तो आपल्या टोपलीत उचलून ठेवला होता आणि अण्णांकडून खूण पटवून घेतल्याशिवाय द्यायला तयार नव्हती. अण्णा परत येईपर्यंत भरल्या गाडीत तू मला म्हणालीस, "देव म्हणजे सामान नव्हे." हात उगारला नाहीस. एवढंच वाक्य, पण गाडीतल्या प्रत्येक माणसाने ते ऐकलं. अण्णा आल्यावर त्यांना सांगितलंस, "झोपली होती कार्टी. बाकड्याखाली ढकलून झोपली." मी काही बोलले नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत देव मी खाली ठेवलेले नाहीत.

तेव्हा या प्रवासात मी कशी बसले असेन ते तूच ओळख. नऊ तास डबा मांडीवर. मुलगा दोनदा म्हणाला, "आई, मागे ठेव ना तो, पाय आखडतील." मी म्हटलं, "आखडू देत." टाउपोला तळ्याकाठी सगळे उतरले, चहा प्यायले. मी खिडकीतूनच तळं पाहिलं. नातीने विचारलं, "आजी, डू गॉड्स गेट कारसिक?" मी म्हटलं, "नाही गं, त्यांना तांदळात गार वाटतं." सगळी स्तोत्रं म्हणून झाली, परत पहिल्यापासून म्हटली. मांडीला मुंग्या आल्या, मग बधिर झाली, मग काही वाटेनासं झालं. पण आतून माझं मन असं भरून आलं होतं, माई. वाटत होतं, बघ, साताऱ्याचं फेडलं.

शनिवारी संध्याकाळी नव्या घरी पोचलो. सुनेने कोपरा पुसून पाट मांडला, दूध गॅसवर ठेवलं. मी पाय धुऊन आले, झाकण काढलं आणि तांदळात हात घातला. वरचा थर, मधला थर. तळाला बोटं टेकली. पुन्हा घातला. मग ताटात सगळा डबा उपडा केला. तांदूळ होते. नुसते तांदूळ.

म्हणजे मी नऊ तास जे मांडीवर घेऊन आले ते हॉलमधल्या बायकांचे तांदूळ होते, आणि देव त्यांच्याकडे गेले होते, मंगळवारी शिजायला.

मी काय केलं ते तुला सांगायला हवं. सून गॅसजवळ उभी होती. मी म्हटलं, "काल सकाळी ओटा पुसताना डबे तू हलवलेस ना? चिठ्ठ्याही तूच लावत होतीस." ती म्हणाली, "हो आई, उचलले होते, पण मला आठवतंय त्याप्रमाणे—" मी तिला पुरं करू दिलं नाही. म्हटलं, "तुमच्यासाठी देव म्हणजे सामानच." तुझंच वाक्य, माई. इतकी वर्षं जपून ठेवलेलं, आणि काढलं ते तिच्यावर. मुलगा होता, नात होती. सुनेने गॅस बंद केला. दूध उतू गेलं नाही. ती बाहेर ओसरीवर जाऊन कंपनीला फोन लावत बसली.

दुसऱ्या दिवशी रविवारी ट्रक आला. ड्रायव्हर मोठ्या अंगाचा माओरी माणूस, आपल्या धाकट्याच्या वयाचा. बॉटनीच्या घरी तो दारात बूट काढूनच आत आला होता, इथेही काढले. मला पहिल्या दिवसापासून आंटी म्हणायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "येस आंटी, शायनी टिन. हेवी. शुक्रवारीच हॉलवर उतरवली." हॉल मंगळवार सकाळपर्यंत बंद. तिथला फोन वाजत राहायचा आणि मग यंत्र बोलायचं. सुनेने यंत्राला तीनदा निरोप ठेवला. तिसऱ्यांदा सांगताना रांगतं बाळ कसं दिसतं तेही सांगितलं. आतल्या खोलीतून ते मला ऐकू आलं.

माझा नेम तुला ठाऊक आहे, पूजा झाल्याशिवाय अन्न नाही. शनिवार रात्र आणि रविवार चहावर काढला. रविवारी तिसऱ्या प्रहरी सून खोलीत आली. हातात माझ्या शुगरच्या गोळीचं पाकीट. "आई, ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही. आणि न घेऊन पण चालणार नाही." मी म्हटलं, "देव्हारा रिकामा आहे, घास उतरेल का?" ती गेली. थोड्या वेळाने देव्हाऱ्याशी खुडबुड ऐकू आली म्हणून मी उठले. तिने पाटावर तांदळाची रास घातली होती आणि वर सुपारी मांडली होती. माझ्याच क्रेटमधली, मसाल्याच्या डब्यातली. "माझी आई म्हणायची, मूर्ती नसली तर सुपारी चालते. तोवर पूजा करा, आणि दोन घास खा," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्यावरचा राग सोमवारी करा. रविवारी इथली इमर्जन्सी फार लांब आहे." मला हसू आलं आणि मी ते दाबलं. हिला हे येतं हे सात वर्षांत मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं कधी. सुपारीची पूजा केली आणि जेवले.

सोमवार गेला. मंगळवार उजाडला तो मोठा. दहा वाजता मी घड्याळ बघितलं, आता त्या बायका आल्या असतील. अकरा वाजता वाटलं, आता तांदूळ पातेल्यात ओतला असेल. तुला सांगते, काय काय डोळ्यांसमोर आलं. पितळ काळं पडलेलं, टाक वाकलेला, कुणी कचऱ्यात टाकलेलं, कुणी खेळणं म्हणून नेलेलं. सुनेने कामावरून रजा घेतली होती आणि फोन मांडीवर ठेवून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मनात आलं, आज डबा हिच्या मांडीवर आहे.

दोन वाजून गेल्यावर फोन वाजला. सुनेने तो मोठ्याने बोलता ठेवला. पलीकडे वयस्कर बाई, सामोअन, आवाज असा की सगळं स्वयंपाकघर भरलं. तिचं पहिलंच वाक्य, "डार्लिंग, त्या रांगत्या बेबीच्या बाई तुम्हीच का?" सुनेने तोंडावर हात धरला. मग ती बाई सांगायला लागली आणि थांबेचना. तांदूळ धुवायला तिने मोठ्या टोपात ओतले, तर टण्ण वाजलं. तिला वाटलं नाणं आहे. हात घालून काढलं तर हातात बेबी. मग पुन्हा चाचपलं तर हातात पळी घेऊन बसलेली बाई. मग घोड्यावरचा माणूस असलेला चांदीचा पत्रा. तिने बाकीच्या बायकांना थांबवलं आणि सगळे तांदूळ बोटांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. तिघांना धुऊन, कोरं करून, धुतलेल्या टीटॉवेलवर खिडकीत बसवलं. "तोंडं बाहेर केलीत, झाड दिसतं. चालेल ना?" तिने विचारलं. आणि म्हणाली, "आमच्या किचनमध्ये पळी घेतलेली बाई आपल्या पायाने आली. खरं सांगते, परत पाठवायला जिवावर आलंय."

मी पहिल्यांदाच फोनजवळ तोंड नेलं आणि माझ्या इंग्रजीत विचारलं, "अँड द राइस?" ती म्हणाली, "ओह, कुक्ड, डार्लिंग. एव्हरीबडी एट. व्हेरी नाइस राइस." मग फोटो पाठवला. खिडकीत तिघे, मागे पानं, आणि बाळकृष्णाच्या पुढ्यात कुणीतरी एक बिस्किट ठेवलेलं. मी मोठ्याने हसले, माई. चार दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता देव्हाऱ्यापुढेच खाली बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, परक्या हॉलमध्ये, परक्यांचा हात लागला, शुद्धी करायला हवी. मी विचार केला त्याचा. पण अन्नपूर्णा जिथे भुकेल्यांना ताटं वाढतात तिथेच जाऊन बसली होती, आणि ज्यांनी तिला उचललं त्यांचे हात तांदूळ धुवत होते. शुद्धी म्हणून आणखी काय करायचं असतं ते मला सुचलं नाही.

शुक्रवारी त्याच ड्रायव्हरचा ट्रक वेलिंग्टनला कुणाचं तरी बिऱ्हाड घेऊन येणार होता. वाट वाकडी करून तो आमच्याकडे आला. मी आणि सून फाटकाशी उभ्या. मी मागच्या दारांकडे बघत होते, तो मात्र पुढे गेला आणि आपल्या शेजारच्या सीटचं दार उघडलं. सीटवर डबा. भोवती पट्टा बांधलेला, माणसाला बांधतात तसा, आणि डबा हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना त्याचं जाकीट खोचलेलं. तो म्हणाला, "मी मागे क्रेटमध्ये ठेवणार होतो, आंटी. हॉलमधल्या आंटीने हातच धरला. म्हणाली, दॅट्स नॉट फ्रेट." फ्रेट म्हणजे काय ते मला नीट माहीत नव्हतं. मी सुनेकडे पाहिलं. ती हळू म्हणाली, "सामान नव्हे, म्हणाल्या त्या."

मी डबा हातात घेतला तो तसाच छातीशी धरून उभी राहिले. ड्रायव्हर बूट काढायला लागला, सुनेने त्याला आत नेऊन चहा दिला, वर लाडू दिले, हॉलमधल्या आंटीसाठी वेगळा डबा बांधून दिला. "स्वीट ॲज, आंटी," म्हणजे सगळं झकास, असं म्हणत तो गेला. मग आम्ही दोघी ओट्याशी आलो. डबा खाली ठेवताना झाकणावर नजर गेली. पिवळी चिठ्ठी तशीच होती. तिच्यावर लिहिलेलं होतं, "तांदूळ, द्यायचे". माझ्या हाताने. सुनेच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. मीच एक, हॉलमधल्या बायकांना मराठी येत नाही हे ठाऊक असूनही, वहीच्या सवयीने प्रत्येकीवर लिहीत बसले होते. शेजारीण निरोप घ्यायला आली होती, तिच्याशी बोलता बोलता मी ती चुकीच्या डब्यावर चिकटवली.

मी बघितलं. सुनेनेही बघितलं. तिने नखाने चिठ्ठीचा कोपरा उचलला, अख्खी चिठ्ठी सोलून काढली, तिची गोळी केली आणि जीन्सच्या खिशात घातली. म्हणाली, "आई, दूध ठेवते."

झाकण काढलं तर आत तांदूळ होते. आपले नव्हेत, ते तर शिजले आणि लोकांनी खाल्ले. हॉलच्या आंटीने आपल्याकडचे भरून त्यात तिघांना पुन्हा पुरून पाठवलं होतं, जसे सापडले तसेच. तिला कुणी सांगितलं नव्हतं. देव बाहेर काढले, पंचामृत केलं, बसवले. दूध उतू गेलं, नात म्हणाली, "आजी, इट्स ओव्हरफ्लोइंग," आणि मी म्हटलं, "जाऊ दे, जायलाच हवं." मग हॉलमधल्या तांदळाचा साखरभात केला. लांब दाणा होता, वेगळाच, पण मोकळा झाला. नैवेद्य दाखवला. पहिलं ताट मी सुनेचं वाढलं. काजू सगळे तिच्याच ताटात गेले हे माझ्याही लक्षात आलं आणि तिच्याही. मी तूप वाढताना म्हटलं, "अक्षर माझंच होतं गं." ती म्हणाली, "माहितीये, आई. बास, एवढं तूप नको." आणि जेवायला लागली. विषय तिथे संपला. मी ज्याला आठवडाभर घाबरत होते ते बोलायला एक वाटी तुपाइतकाही वेळ लागला नाही.

त्या रिकाम्या पातेल्याकडे बघताना मला कराडचं घर आठवलं. त्या संध्याकाळी तू गुळाचा भात केला होतास. अण्णांच्या आधी, धाकट्याच्या आधी, तू माझं ताट वाढलंस, आणि खोबऱ्याचे सगळे काप माझ्या ताटात घातलेस. माझ्याकडे बघितलं नाहीस. इतकी वर्षं मला वाटायचं, मी रडले होते म्हणून. आता कळतंय, कारण दुसरं होतं. मी झोपले नव्हते, माई. साताऱ्याला तू धाकट्याला माझ्याकडे दिलंस आणि डबा घेतलास, आणि तांब्याची फिरकी बसवायला वाकलीस तेव्हा तो बाकड्याखाली सरकवलास. ते तुला संध्याकाळपर्यंत आठवलं असणार. पण भरल्या गाडीत बोललेलं वाक्य परत कसं घेणार. तुला ते घेता आलं नाही, मला परवा आलं, कारण सुनेने चिठ्ठी खिशात घातली होती. तुझ्या वेळी कुणी घातली नाही. मी तर नाहीच घातली. मी ती पन्नास-पंचावन्न वर्षं जपून ठेवली.

हे मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलंय, कागद वाया घालवायचा नाही म्हणून. फाडून कुठे पाठवायचं नाहीच आहे. देव कोपऱ्यात नीट बसलेत, बाळकृष्णापुढे मी रोज एक बिस्किट ठेवते, त्याला आता सवय लागली असेल. मन हलकं आहे. फक्त एक राहिलंय, ते सांगून टाकते. तू डबा खाली ठेवलास ते मी पाहिलं होतं. गाडी लागली, तू वळकटी आणि तांब्या उचललास, आणि डबा खालीच राहिला, तेही पाहिलं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पुन्हा माझ्याकडे आला असता, कराडपर्यंत. माझी मांडी दुखत होती, माई.